बुडवून ठेवलेली होडी

फेब्रुवारीतच एकदा येऊन गेला तो वसंत.
दिवसभर छपरावरून ठिबकला,
माझ्या बुटांना चिखल लावला,
आणि मी, साठी उलटलेली बाई,
भरवसा ठेवून बसले.
बर्चच्या बुंध्याला भोक पाडलं, नळी खोचली,
रसासाठी खाली काचेची बरणी टांगली.
रात्री उणे अठरा.
सकाळी बरणी फुटून पडलेली,
रस मात्र बरणीच्याच आकाराचा, दोरीत तसाच लटकलेला.
आपल्याला आता कुणी धरलेलं नाही
हे त्याला कळलंच नव्हतं.

मार्च दोनदा सुरू झाला. संपला एकदाही नाही.
तालिनचा रेडिओ म्हणायचा, आला, आला.
मी खिडकीतून बघायची आणि रेडिओ बंद करायची.
करकोच्यांची जोडी विजेच्या खांबावर उतरली,
बर्फाकडे बघत राहिली,
चुकीच्या तारखेला लग्नघरी पोचल्यासारखी.
शेजारचा काल्यो म्हणाला,
"दोन वर्षं पूर नाही, विर्वे. यंदाही नाही यायचा.
हालिस्ते नदी आपल्याला विसरली."

आमच्याकडे हिवाळा आणि वसंताच्या मध्ये
एक ऋतू नुसता पाण्याचा.
तो आम्ही पाचवा म्हणून मोजतो.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत,
सासऱ्यांच्या ठळक, एंडेलच्या तिरक्या,
प्रत्येकीपुढे साल.
शेवटची माझ्या गुडघ्याशी.
त्यानंतर नुसतं लाकूड.
एंडेल गेला त्यालाही आता दुसरा नोव्हेंबर होऊन गेला.

आणि एप्रिलच्या एका रात्री, न विचारता, पाणी घरात.
त्याच्या सपाता (हो, ठेवल्या होत्या मी)
पलंगाखालून निघाल्या आणि दाराकडे गेल्या,
एक जरा पुढे, एक मागे,
तो जायचा तशाच.

होडी कोठारात पालथी होती.
अखंड खोडातून कोरलेली, त्याच्या हातची.
दोन कोरड्या वर्षांनी तिला अशा भेगा पडलेल्या
की आरपार उजेड दिसावा.
डांबर नको, म्हणायचा तो.
आधी बुडवायची. मग मिटतं आपोआप.
मी तिला ओढत अंगणात आणलं,
एक एक करून दगड भरले
आणि ती गेली खाली.
काल्यो त्याच्या माळ्यावरून ओरडला,
"आहे ती एक होडी बुडवतेस? डोकं फिरलं का?"

चार दिवस मी माळ्यावर, ती तळाशी.
वरून गवताच्या काड्या गेल्या, कोंबडीची पिसं,
कुणाच्या तरी कुंपणाची फळी.
रोज सकाळी काठीनं टोचून बघायची.
आहे.
पाचव्या दिवशी दगड काढले, बादलीनं पाणी उपसलं,
आतून हात फिरवला.
भेग नेमकी कुठं होती, सांगता येईना.

वल्हं त्याच्या उंचीचं. फिरवलं की माझ्या हनुवटीला लागे.
करवत घेतली, चार बोटं कमी केलं.
मध्ये एकदा हात थांबला, खोटं कशाला बोलू.
तुकडा चुलीत टाकला.
ओला होता, नीट पेटलासुद्धा नाही.

निघताना चौकटीवर रेघ मारली.
गुडघ्याच्या बरीच वर.
पाण्यात उभं राहून लिहिल्यानं साल वाकडं आलं,
असू दे.

मग मी माझ्याच बटाट्याच्या शेतावरून गेले.
खाली स्वच्छ दिसत होती
मागच्या शरदात हरवलेली कुदळ,
जिथं टेकवली होती तिथंच उभी.
सरपणाच्या ढिगावर एक ससा
बोट चुकलेल्या उतारूसारखा.
बर्चच्या त्या जुन्या भोकातून रस वाहत होता
सरळ पुरात,
कुणाच्याच बरणीत नाही.

"कुठं निघालीस?" काल्यो खिडकीतून.
"मीठ संपलंय," मी म्हणाले.

मीठ होतं.
अख्खा डबा भरून होतं.